आठ किलोंचं खोटं

चिऊ,

काल मी दोन सीटच्या विमानात बसले. चालवणारी तुझ्याच वयाची. निघण्याआधी तिने वजन विचारलं, तर मी सवयीने आठ किलो कमी सांगितलं. ती हसली. "काकू, विमानाला फसवता येत नाही," म्हणत तिने मला सरळ काट्यावर उभं केलं.

जमीन सुटली तेव्हा डोळे गच्च मिटले, पण पुढच्या क्षणी मी लहान पोरीसारखी ओरडले, "अजून वर घे गं!"

उतरल्यावर तिने विचारलं, "घरात कुणी विमान चालवतं का?"

"मुलगी शिकणार होती. तिचा फॉर्म पोस्टात गहाळ झाला."

तुलाही मी हेच सांगितलं होतं. तू पोस्टात टाकायला दिलेला फॉर्म माझ्या कपाटात आहे, स्वेटरांखाली. हे पत्रही आता तिथेच ठेवतेय.

तुझी, अजून घाबरणारी,
आई