स्टूल ओढून

प्रिय खडूस,

मंगळवारी तू आमच्या ऑफिसात येऊन तुझी कंपनी मांडून गेलीस आणि निकाल अजून कळला नाही, म्हणून मनातल्या मनात मला शिव्या घालत असशील. घाल, मला सवय आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेऊन बसलेय, लिहून झालं की आजच तुझ्या दाराखालून सरकवेन.

आपण एका टीममध्ये कोड लिहायचो तेव्हा सगळे मला भित्री म्हणायचे, कारण सुट्टीच्या तोंडावर, शुक्रवारी काही नवं चालू करायचं म्हटलं की मी सोमवारवर ढकलायचे. तीच मी प्रोग्रामिंग सोडून नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्यांच्या वाटेला निघाले, तेव्हा आईनं डोक्याला हात लावला. तू एकटीच म्हणालीस, जा, तुला खड्डे लांबून दिसतात, त्यांना तेच हवं असतं. पण जाईन तिथे अर्थशास्त्राची पदवी मागायचे. शेवटी तुझंच ऐकून मी नवनवी ॲप्स वापरून बघायला लागले आणि कुठलं टिकेल, कुठलं का बुडेल, हे लिहून आता जे आमचे सर आहेत त्यांना पाठवत राहिले. कंटाळून त्यांनी मला कामाला बोलावलं असावं.

आल्या आल्या मी शोभा करून घेतली. एक तरुण त्याचं सॉफ्टवेअर दाखवत होता आणि मध्येच स्क्रीन अडकली. मला कुठलं राहवतंय. उठले, त्याचा लॅपटॉप घेतला, चूक शोधली, दुरुस्त करून दिली. तो खूश, मी त्याहून खूश. तो गेल्यावर सरांनी शांतपणे विचारलं, हे त्याला जमलं असतं का? जे बघायला आम्ही बसलो होतो, तेच मी घालवलं होतं. तेव्हापासून मीटिंगमध्ये मी हात मांडीखाली दाबून बसते. हसू नकोस, खरंच बसते.

मंगळवारीही तशीच बसले होते. आपण मैत्रिणी आहोत हे मी सरांना आधीच सांगितलं होतं, तर म्हणाले, मग तुझं मत हवंच. दवाखान्यांसाठीचं तुझं सॉफ्टवेअर देखणं झालंय, त्यात वाद नाही. मग स्क्रीन अडकली. तो भाग जिनं लिहिला म्हणून तू ओळख करून दिली होतीस, त्या तुझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं कीबोर्डकडे हात नेला. तू लॅपटॉप तिच्यापुढून ओढून घेतलास आणि बघता बघता सगळं सुरळीत केलंस. खोलीतले सगळे भारावले. मला मात्र तुझ्या जागी मीच दिसत होते. त्यानंतर सर त्या मुलीला जे विचारतील, त्यावर ती आधी तुझ्याकडे बघायची आणि उत्तर तू द्यायचीस.

माझ्या कोडमधली चूक तू कधी चारचौघांत काढली नाहीस. आधी स्टूल ओढून माझ्याशेजारी बसायचीस आणि हळू आवाजात, पण काहीही न गाळता सांगायचीस. मी रडायचे, तू पाणी आणून द्यायचीस, पण म्हणणं मागे घ्यायची नाहीस. उद्या तुला आमचा नकार येईल. मेलमध्ये बाजार, वेळ असली गोड कारणं असतील, त्यांवर विश्वास ठेवू नकोस. सर तयार होते. नको मी म्हटलं. आज तुझी कंपनी म्हणजे एकटी तू आहेस. तू आजारी पडलीस तर त्या दवाखान्यांनी कुणाकडे बघायचं? त्या मुलीला तिचं काम करू दे आणि मग परत ये, तेव्हा तुझ्या बाजूनं मीच भांडेन. तू बोलणं टाकलंस तर मला फार जड जाईल. तरीही हे तुला आधी माझ्याकडूनच कळायला हवं. स्टूल ओढून बसलेय, पाणीही आणलंय.

तू काहीही म्हण, तरी तुझीच,
भित्री