पदराखालचा सौदा

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
आखाजीनंतरचा सोमवार, १९६६

प्रिय रूपचंद,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू माझ्यावर चिडला असशील. चीड, पण आधी हे शेवटपर्यंत वाच. वडील गेले, काकाची कंबर धरलेली, माय एकटी, तेव्हा डॉक्टरकी अर्धवट सोडून शेत बघायला घरी येतो, असं तू लिहिलं होतंस. ते मी ओट्यावर बसून तुझ्या मायला मोठ्याने वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. मला वाटलं आता रडेल. तिने फक्त विचारलं, त्याची परीक्षा कधी? मी म्हटलं, दिवाळीच्या आधी. "मंग ट्रॅक्टर येवाले जोयजे," एवढं म्हणून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. पावसाच्या आत ट्रॅक्टर आला तर मुलगा शिकेल, नाही आला तर मुलगा परत येईल, असं तिने त्या ओट्यावरच ठरवून टाकलं. माझं मत कोणी विचारलं नाही. या घरात ते विचारायची पद्धत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आता ट्रॅक्टर म्हणजे काही बाजारातून आणायची मेथी नव्हे. तुझ्या वडिलांनी नंदुरबारच्या हुकमीचंद शेटजींकडे नंबर लावला, त्याला किती काळ लोटला. नंबर लावणारे म्हातारे झाले तरी ट्रॅक्टर येत नाही, असं लोक म्हणतात. मुलीला स्थळ मिळेल, पण ट्रॅक्टर मिळणार नाही, अशी आजची गत आहे. आणि चैत्रात शेटजींचा निरोप आला की मालगाडीतून एक ट्रॅक्टर उतरला आहे. एकच. त्यावर दोघांचा नंबर लागतो, आपला आणि तळोद्याकडच्या करणसिंगांचा. दोघांनी या, ज्याचा सौदा जुळेल त्याने घेऊन जा.

मी हे ऐकून खूश झालो. तुला माहीतच आहे, बैलबाजारात तुझ्या या नथ्थूकाकाला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. एस.टी.त बसल्यापासून मी तुझ्या मायला शिकवत होतो. भाभी, ट्रॅक्टरकडे बघायचं नाही, बघितलं तर नाक मुरडायचं. चाकात खोट काढायची, रंगात खोट काढायची. आणि मुख्य म्हणजे उठायचं. भाव ऐकला की कपडे झटकून उठायचं आणि चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतोच. मग परत बसायचं, परत उठायचं. तिसऱ्या हाकेला जो भाव निघतो तो खरा. तुझी माय खिडकीबाहेर बघत सगळं ऐकत होती. मला वाटलं, शिकते आहे.

दुकानात शिरलो तेव्हा मिरचीच्या ठसक्याने मला शिंकांवर शिंका येत होत्या. मिरचीचा हंगाम सरला तरी नंदुरबारची हवा काही बदलत नाही. ट्रॅक्टर मागच्या अंगणात उभा होता. लाल, नवा कोरा, चाकांना अजून स्टेशनवरची धूळ. नांगर मात्र आला नव्हता, तो मागून येणार होता. ट्रॅक्टर आल्याची बातमी फुटलेली, त्यामुळे दुकानात पाचसहा माणसं नुसती कान टवकारून बसलेली. करणसिंग आमच्या आधी पोचले होते आणि मी बसमध्ये शिकवलेलं सगळं तेच करत होते. रंगात खोट काढली, नांगर नाही म्हणून नाक मुरडलं, मग भाव विचारला. शेटजी म्हणाले, "भाव एकच शे. कमी व्हवाव नही." करणसिंग लगेच उठले. जाताना आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सांजलोंग हाऊ शेट मन्हा मांगे पयत यी." संध्याकाळपर्यंत शेट पळत मागे येईल, याची त्यांना खात्रीच.

मग आमची पाळी. मी भाव विचारला, तोच भाव आला, आणि मी उपरणं झटकून उठलो. "चला भाभी." तुझी माय हलली नाही. मी तिला डोळ्याने खुणावलं. ती म्हणाली, "तुम्ही जा भाऊ, मी आठे बठेल शे." आता उठलेला माणूस लगेच बसला तर त्याची काय इज्जत राहील? मी निघालो. रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात करणसिंग बसले होते, त्यांच्या समोरच जाऊन बसलो. दोघांनी चहा घेतला. दोघांचाही एक कान शेटजींच्या हाकेकडे. हाक कोणालाच आली नाही. आम्ही दुसरा चहा घेतला. बाजारात बैल शंभर असतात म्हणून विकणारा हाक मारतो, रूपचंद. इथे ट्रॅक्टर एक होता आणि उठणारे आम्ही दोन. ज्याच्याकडे एकच वस्तू आहे आणि मागणारे दारात उभे आहेत, तो कशाला हाक मारेल? एवढी साधी गोष्ट बैलबाजारात आयुष्य घालवलेल्या दोघांना कळली नाही, आणि जी बाई बैलबाजारात कधी गेली नाही तिला कळली.

शेवटी मी चहाच्या दुकानातून काढता पाय घेतला आणि जणू पान खायला गेलो होतो असा चेहरा करून परत आलो. दुकानात शेटजी मोठ्या पेचात पडले होते. ते पूर्वी कापसाची अडत करत, त्यामुळे अजून सौदा जुन्या रीतीने करतात. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटांनी बोलायचं, म्हणजे बसलेल्या लोकांना काही कळत नाही. तुझी माय म्हणत होती, सौदा करा. पण परक्या बाईचा हात ते रुमालाखाली कसा घेणार? मला बघून त्यांना हायसं वाटलं. मी बाही सरसावून हात पुढे केला. तर तुझी माय म्हणाली, "सौदा मन्हा शे. हात मन्हाच राही." पाचसहा माणसांसमोर! मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण मी हात मागे घेतला.

शेटजींनी मग डोकं लढवलं. आतून आपल्या मंडळींना, मोहनबाईंना बोलावलं आणि त्यांना बाजूला घेऊन कानात भाव सांगितला. बाईबाईंचा सौदा होऊ दे, म्हणाले. मोहनबाई घुंघट ओढून बाहेर आल्या आणि तुझ्या मायसमोर बसल्या. तुझ्या मायने पदर सोडून दोघींच्या हातांवर टाकला. आम्ही बाप्ये रस्त्याकडे तोंड करून बसलो, पण सगळ्यांचे डोळे तिरपे. पदर हलत होता. मग थांबला. मग दोघींची डोकी जवळ आली आणि कुजबुज सुरू झाली. बोटांच्या सौद्यात कुजबुज नसते, मी शेटजींकडे बघितलं, ते माझ्याकडे. एकदा तर मोहनबाईंनी डोळे पुसल्यासारखं मला वाटलं. मग त्या पदराखालून हात काढून म्हणाल्या, "सौदा व्हई गया."

शेटजींनी घाबरत विचारलं, "कितलाले?" मोहनबाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलं तेवढ्यालाच. शेटजींची छाती फुगली. नवरा असा खुशीत आलेला बघून मोहनबाईंनी बाकीचं सांगितलं. नांगर आला की पहिला ब्राह्मणपुरीला जाईल, दुसऱ्या कोणाला नाही. आणि दुकानातला मिस्तरी गोवाल पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे राहील, ट्रॅक्टर चालवायला शिकवेल, त्याचा पगार दुकानाकडून. शेटजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण भावात एक पैसा कमी झाला नव्हता, तेव्हा तक्रार कशाची करणार? आणि हात देऊन झालेला सौदा मोडायचा तर अडतीतल्या माणसाने तोंड कुठे दाखवायचं?

करणसिंग परत आले तेव्हा पेढे वाटून झाले होते. त्यांना खूप लागलं. ते काही बोलायच्या आत तुझी माय उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मन्हं वावर नांगराई गयं की मी तुम्हनं नांगरी दिसू. तुम्हना ट्रॅक्टर येस तवलोंग." करणसिंगांनी पेढा घेतला. गेल्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन दिवस ठरवून गेला.

परतीच्या वाटेवर मी तुझ्या मायच्या मागे लागलो. भाव सोडला नाही, तर मोहनबाईंना एवढं सगळं कशाच्या बदल्यात दिलं? काय दिलंत तुम्ही त्यांना? ती म्हणाली, आखाजीला समजेल. आणि सीटवर डोकं टेकून झोपून गेली. तुझे वडील गेल्यानंतर मी तिला अशी गाढ झोपलेली पहिल्यांदाच बघितली.

आखाजीला समजलं. दुपारी दारात बैलगाडी थांबली आणि त्यातून मोहनबाई उतरल्या, मागून शेटजी, हातात पिशव्या घेऊन, नव्या जावयासारखे अवघडलेले. तुझ्या मायने दारातच मोहनबाईंच्या पायावर पाणी घातलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला, जसं सासरहून आलेल्या लेकीला करतात. मग तुझ्या काकीने, तापीबाईने, मला सगळं सांगितलं. माझ्या बायकोला माहीत आणि मला नाही, बघ! मोहनबाईंचं माहेर तिकडे राजस्थानात. आईबाप गेले, भाऊ विचारत नाहीत. आपल्याकडे आखाजीला घराघरातली लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, आणि त्या एवढी वर्षं नंदुरबारच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या लेकी येताना बघत राहिल्या. पदराखाली तुझ्या मायने त्यांना आपली अडचण सांगितली, मुलाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनीही आपली सांगितली. तुझी माय म्हणाली, माझं घर तुमचं माहेर. ट्रॅक्टर द्या की देऊ नका, आखाजीला यायचं. मग मोहनबाईंनी आपण होऊन नांगर दिला, मिस्तरी दिला. याला मी सौदा म्हणू की काय म्हणू, मला कळत नाही. एवढं कळतं की मी जन्मभर ज्याला अक्कल समजत होतो ती चार आण्याची होती.

शेटजींना आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं, त्यांच्या जैन धर्माप्रमाणे. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. आम्ही आग्रह केला तेवढं सगळं त्यांनी खाल्लं. मी त्यांना म्हटलं, शेटजी, आता तुम्ही आमचे जावई, सुट्या भागांचे पैसे कसे मागाल? ते म्हणाले, मीही तोच विचार करतोय. मोहनबाई मात्र कडुलिंबाखालच्या झोक्यावरून उतरायला तयार नव्हत्या. घुंघट मागे पडला होता आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आता हे सगळं तुला का लिहितो ते सांगतो. तुझ्या मायने मला एकच ओळ लिहायला सांगितली होती, येऊ नको, परीक्षा दे. पण ती ओळ वाचून तू समजशील की माय माझ्यासाठी हालअपेष्टा काढते आहे, आणि मिळेल त्या गाडीत बसून येशील. म्हणून तिला न विचारता सगळं लिहिलं. गोवाल मिस्तरी आला तेव्हा आम्हाला वाटलं, तो मला शिकवणार. मी एकदा बसलो आणि कुंपण तोडलं, तो विषय तिथेच संपला. ड्रायव्हर ठेवायचा तर आज आपल्याकडे, उद्या दुसरीकडे. मग गोवालने सांगितलं की मोहनबाईंनी त्याला निघतानाच बजावलं होतं, शिकवायचं ते रुक्मिणीबाईंना, म्हणजे तुझ्या मायला. पदराखाली तेच ठरलं होतं. दुकानात मोठ्याने बोलली असती तर लोक हसले असते, आणि त्यात पहिला मी असतो. काल नांगर आला. आज सकाळी तुझी माय लुगड्याचा पदर कमरेला खोचून ट्रॅक्टरवर चढली आणि तिने नदीकाठचं मोठं वावर एकटीने नांगरायला घेतलं. गाव बांधावर उभं होतं. कोणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही, कारण मी रडत होतो. नांगराचं दुसरं तास धरायला वळताना ती हसली, रूपचंद. मला बघून नाही, कोणालाच बघून नाही, स्वतःशीच. तुझा बाप गेल्यापासून ती हसली नव्हती. तू घरी येऊन तिची सुटका करणार होतास ना? पोरा, ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, आणि तिथे तुझी माय बसली आहे. ती उठणार नाही.

तुझाच,
नथ्थूकाका