सरासरी पाच

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र का नाही म्हणून रागावला असशील. ऐक. कारखान्याच्या सांडपाण्याच्या दोन सारख्या टाक्या गेल्या आठवड्यात एकत्र करून सोडायच्या होत्या. एकीचा पीएच तीन, दुसरीचा सात. एवढं मोजलं आणि मीटर बिघडला. मग मी दोन्ही आकडे मिळवले, दोनाने भागले, पाच लिहून सही केली. आमच्या परवान्यात पाचपर्यंत चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात मासे उलटे तरंगत होते. साहेब म्हणाले, टाकीवाल्या काकांनी व्हॉल्व्ह जास्त उघडला. काकांना घरी बसवलं. माझा आकडा कुणी तपासला नाही. मीही नाही. मुद्दाम की विसरून, हे मलाच सांगता येत नाही.

तू जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंस. माझं गणित बघशील?

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, रागावलास तरी राहू दे.

तुझी छकुली

१४ मार्च

चि. छकुलीस (चाळिशी उलटली, तरी छकुलीच),
अ. उ. आ.

अगं, पीएच म्हणजे लॉग. लॉगची सरासरी काढत नाहीत, हे कान धरून शिकवलं होतं ना? आधी आम्लाचं प्रमाण काढायचं. तीनचं ०.००१, सातचं ०.०००००१चाही दहावा हिस्सा, म्हणजे नसल्यासारखंच. दोन टाक्यांत वाटलं की उरतं ०.०००५. त्याचा लॉग घे, चिन्ह बदल. ३.३. तू लिहिलंस त्याच्या पन्नास पट आम्ल ओढ्यात गेलं.

वहिनी म्हणते, इतकं रोखठोक लिहू नका. पण तू खरं विचारलंस. काकांचं काम परत मिळवून दे.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न.

साहेबांनी तुझं गणित वाचलं, घडी घालून परत दिलं. अहवाल वर गेला, आता दुसरी चूक कशाला उकरायची, म्हणाले.

मग मी काकांच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं, कागदावर मांडलं. ते मलाच समजावत बसले, की ताई, तुम्ही शिकलेल्या, तुमचा आकडा कसा चुकेल? आणि त्यांना आता आठवतंय म्हणे, त्या दिवशी व्हॉल्व्ह जरा जास्तच फिरला होता. काकूंनीही मान डोलावली. पहिल्या दिवशी हेच काका शपथेवर नाही म्हणत होते.

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी ते माझी माफी मागू लागले, तेव्हा मी उठले.

लोभ ठेव, असं लिहायचं धाडस होत नाही.

छकुली