बाबांना सांगितलं

३ ऑगस्ट ९८
बाबांच्या पोटात कॅन्सर. रिपोर्ट दादाकडे. बाबांना 'अल्सर' सांगायचं ठरलं. आईने मला शपथ घातली. बाबा नेहमीसारखे मोगरा तोडायला गेले.

६ ऑगस्ट
जर्मनीला जायचंय म्हणून लावलेल्या जर्मनच्या क्लासात हॉस्पिटलचा उतारा. तिथे डॉक्टर आधी रोग्यालाच सांगतात. बाईंना विचारलं, त्याने धीर सोडला तर? म्हणाल्या, "आयुष्य त्याचं आहे ना?"
घरी येताना आमच्या घराचीच लाज वाटली. बाबांना आम्ही लहान मूल करून ठेवलंय.

११ ऑगस्ट
बाबा वाडीत केळी लावतायत. "वर्साने घड येतील. तू जर्मनीसून येशील तेव्हा खा." दादा लगेच "हो हो". किती सहज खोटं बोलतो हा. मला तिथे उभं राहवेना.

१४ ऑगस्ट
सांगितलं. विहिरीपाशी, स्पष्ट. लिव्हरपर्यंत गेलाय, डॉक्टर सहा महिने म्हणतात.
बाबांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "तुझ्या आयला ठाऊक हाय?"
हो.
"आनी दादाला?"
हो.
"मला पानी दे."
मला हलकं वाटलं. खरं तर अभिमानच वाटला.

१९ ऑगस्ट
बाबांनी गोळ्या बंद केल्या. जेवण दोन घास. मोगरा झाडावरच सुकतोय. आई म्हणाली, "पाच दिवसांत म्हातारा केलास त्याला."
म्हटलं, त्यांचा हक्क होता.
"आनी माझा नव्हता? सा महिने त्याच्यासंगती हसायचा?"
 

२ सप्टें.
दादाने बोलणं टाकलंय. जर्मनच्या परीक्षेत पहिली आले, घरी कुणाला सांगितलं नाही. बाईंना मात्र बाबांचं सगळं सांगितलं. त्या बघतच राहिल्या. "अगं, मी उताऱ्याबद्दल बोलत होते. माझ्या आईला आम्ही शेवटपर्यंत नाही सांगितलं."
मग पेपर तपासत बसल्या.

१२ सप्टें.
व्हिसा आला. पासपोर्ट बाबांना दाखवायला गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते, तसेच राहिले. "जा तू. सांगायचं ते सांगून झालं. आता बगायला कशाला थांबतेस?"
रागावून नाही बोलले. तेच जास्त...

१३ सप्टें.
दुपारी थोडी पेज घेतली त्यांनी. आईच्या हातून. मी वाटी धरली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.
तिकीट २८चं. महिन्याभरात दादा आज पहिल्यांदा बोलला. "जातेस का राहतेस, एकदा सरळ सांग."
उद्या सांगते म्हटलं.