‘सुटला’ म्हणजे काय

हदगाव

विनोदा,

काल मायनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे घेऊन तुला भेटायला नांदेडच्या जेलात आलतो. तिथल्या बाबूनं रजिस्टरात तुझं नाव शोधलं आणि म्हणाला, "काका, तो तर सुटला." आपल्याकडं अंथरुणाला खिळलेला गेला की असंच म्हणतात. मी फरशीवरच बसलो. त्यानं पाणी दिलं. "अहो, जिता हाय. जामिनावर सोडून दोन महिने झाले."

मायला म्हणलो, विनोदानं धपाटे खाल्ले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, ठाऊक न्हाई. पोलिसांनी तुला नेलं तवा मी गल्लीसमोर ओरडलो होतो, "परत या दारात येऊ नको."

जन्मात माझा एक शब्द ऐकला न्हाईस, लेका. नेमका हाच ऐकलास.

तुझा बाप,
लिंबाजी