चाखल्याशिवाय वाढलेलं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज ऑफिसातून आल्यापासून मी तुझ्याशीच भांडतेय. मी काय काम करते हे तुला कधी नीट कळलं नाही. कंपनी यंत्रं बनवते. ती करारातल्या अटींप्रमाणं चालतात का, हे तपासून सही करायची, एवढंच माझं काम. आताचं यंत्र कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारं आहे; अशा बाळांना उन्हाळ्यातही अंगातली ऊब टिकवता येत नाही. अट साधी: लाईट गेली तरी भर उन्हाळ्यातल्या खोलीत ते बॅटरीवर तासभर चाललं पाहिजे. आमच्या लोकांनी ते एसीच्या खोलीत, बॅटरी तापणारच नाही अशा जागी चालवलं, आणि उन्हाळ्याच्या चाचणीच्या रकान्यापुढं जुन्या मॉडेलचा अहवाल जोडून दिला. वर मलाच म्हणाले, "बॅटरी तीच हाय ना, मग?" मी हट्टानं यंत्र तापवलेल्या खोलीत ठेवून पाहिलं. अर्ध्यातच बंद पडलं, मुकाट्यानं, साधा भोंगासुद्धा वाजला नाही. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, एकदा झालं म्हणून काय लगेच डोक्यावर घेता? खोलीतच काही बिघाड असंल. सोयगावच्या दवाखान्यात उद्या माल पोचवायचाय. करा सही."

औरंगपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. सणाचा दिवस, तू कटाची आमटी ढवळतेयस, आणि मी पळीतली बोटावर घेऊन चाटते. पाठीत धपाटा बसतो. "कार्टे, नैवेद्य चाखत असतात व्हय?" मग देवापुढं पान ठेवून होतं, आणि पंगत बसायच्या आधी तूच वाटी माझ्यापुढं करतेस. "आता चाख. देव अळणी बी गोड मानून घेतो, माणसं नाय घेत." मीठ कमी होतं, मी सांगितलं, तू घातलंस. आई गं, आमच्या कंपनीत सगळ्याचाच नैवेद्य करून टाकलाय. चाखायचं नाही, नुसते हात जोडायचे.

सोयगावला उन्हाळ्यात लाईट किती जाते ते तुला मी काय सांगू, तुझं माहेरच ते. डोळे मिटले की ते इवलंसं बाळ दिसतं, आणि शेजारी डुलकी लागलेली त्याची आई, जिला वाटतंय यंत्र चालू आहे. जीव नुसता टांगणीला लागलाय. काय करू मी? सांग ना! हा कागद कुठं पोचायचा नाही, माहीत आहे, तरी विचारते.

यंत्रं अजून पडेगावच्या गोदामात आहेत. सकाळी जाऊन गाडी अडवता येईल. पण अडवायची तर सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलावी लागेल, ती आधी तुला सांगून बघते. सही मी दुपारीच केली.