पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची

११ जानेवारी, रविवार

बांड्या आला नाही. तव्यावरची शेवटची भाकर त्याची, हे त्या कुत्र्याला माझ्या पोरापेक्षा पक्कं ठाऊक. मागच्या दारी चूल पेटली की शेपटीचं ते थोटकं हलवत उभा. आज नाही. भाकर धुण्याच्या दगडावर ठेवली. दुपारी कावळे भांडत होते तिच्यावर.

घरात तरी भाकर कोण खातं? पोरगा हेमकांत शहाद्याहून फाफडा-जिलेबी घेऊन आला — रविवार ना! सून ओट खाते. वजन उतरवायचंय. म्हटलं, ते घोड्याचं खाणं. तर कामिनी म्हणते, "मग आई, घोडे जाड असतात का?" जीभ आहे बाईला. माझ्याच हाताखाली तयार झाली.

मी आपली दादर ज्वारीची भाकर, ठेचा, वर तेल.

१२ जानेवारी

आजही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

खिचडी टाकली, तीळ भाजले. पिवळी कुत्रीही दिसेना. गल्लीत एक कुत्रं उरलं नाही. पहाटे चूल फुंकते तर फक्त माझ्याच फुंकरीचा आवाज. अशी सकाळ ह्या गावात कधी ऐकली नाही.

हेमकांतला सांगितलं. "माय, कुत्रा ग्यात ते ग्यात. झोप ते लागस." पंचायतीने धरून नेली असतील म्हणे. जिला गटार उपसता येत नाही, ती कुत्री धरणार.

१८ जानेवारी

रोशनी उठल्याबरोबर पहिली भाकर गोठ्यात गाईला देऊन येते, मगच स्वतः दूध-गूळ-भाकर खाते. बालवाडीत होती तेव्हापासून. आता पाचवीत आहे नात माझी. गाय तिच्या हातची मान लांबवून घेते. माझ्या हातची घेताना तोंड वाकडं करते. मीच चारा घालते, तरी.

चुलीची राख मी धुण्याच्या दगडाशेजारी टाकते. आज राखेत पाऊल होतं. गोल, माझ्या तळहाताएवढं. नखं उमटलेली नाहीत.

भिंतीपलीकडचा ऊस रतिलालचा. त्याला बोलावलं. वाकून बघितलं, मग खाटेवर बसून चहा घेतला. "मीनावहिनी, मोठं कुत्रं व्हई."

"मग मोठ्या कुत्र्याने भाकर का नाही खाल्ली?"

बशी खाली ठेवली आणि गेला.

१९ जानेवारी

आजपासून गाईची भाकर मी नेते. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात चुलीतलं जळतं लाकूड. गुडघे शिव्या देतात. कामिनी खिडकीतून हसत होती. "आई, गाईची आरती करता का?" करते.

रोशनी रुसली. दूध-भाकर तशीच टाकून शाळेत गेली. जाऊ दे उपाशी. उपाशी पोर परत येते.

२४ जानेवारी

आजूबाजूचे सगळे ऊस तुटले. रतिलालचा एकच उभा आहे, त्याच्याकडे तोडणीची टोळी येईना. म्हणजे सगळ्या रानातून जे हुसकलं असेल ते आता आमच्या भिंतीमागे.

रोशनीला न्याहारी घरातच देते. चुलीपाशी ऊब लागते म्हणते. गोधडी घे म्हटलं.

२८ जानेवारी

रतिलालची शेळी गेली. पहाटे. दावं खुंट्याला, शेळी नाही. उसात ओढत नेल्याचं दिसत होतं.

आता बिबट्या म्हणायला सगळे तयार. रतिलालच्या चहात मी साखर टाकली नाही, एवढंच.

३१ जानेवारी, शनिवार

टोळी आली. सारं गाव काठ्या, डबे, फटाके घेऊन उसाभोवती. मी मोठी कढई लावून पोहे केले — शेव, लिंबू, सगळं. लोक खात होते आणि उसाकडे बघत होते. कुणी कांदा मागितला नाही. अशी शांत न्याहारी तेराव्यालाही होत नाही.

शेवटची सरी पडली. निघालं काय? एक मुंगूस. मग जे हसले सगळे! रतिलाल सगळ्यांत मोठ्याने. "फटाकास्ले भ्याईसन डोंगरमा पळी गया व्हई."

संध्याकाळी बघते तर गोठ्याचं दार सताड उघडं. तमाशापुढे कुणाला घरादाराची शुद्ध नाही. मीच लावलं.

रात्री जेवताना हेमकांत म्हणाला, "माय, आते ते पोरले गोठामा जाऊ दे." मी घास चावत राहिले.

१ फेब्रुवारी, रविवार

गाईने पान्हा चोरला. कामिनी कासेला हात लावते तर लाथ. वाटीभर दूध निघालं नाही. सगळ्यांनी कोरा चहा घेतला. हेमकांतने जिलेबी कोऱ्या चहासोबत खाल्ली. ह्याला यमाच्या दारातही जिलेबी लागेल.

भाकर मी नेली. दारातूनच दिली. तोंडात धरली पण चावेना. कामिनी म्हणते फटाक्यांनी बिचकली. असेल.

"मोठी माय, सकाय मी जासू. ती तुन्हा हातनं खात नही." दिवसभर डोकं खाल्लं पोरीने. ऊसही राहिला नाही, धाक कशाचा घालू? बरं म्हटलं.

२ फेब्रुवारी

रोशनी गोठ्यातून आली. भाकर हातात तशीच.

"मोठी माय, गाय मन्हा हातनंबी खात नही. नुसती वर कडबाना माळाकडे देखी ऱ्हायनी."

पोरीला घरात ओढलं. कडी घातली. हेमकांत वनखात्याला फोन लावतोय. माझा एक हात रोशनीच्या मनगटावर आहे, दुसऱ्याने हे लिहितेय. दुसरं काही सुचत नाही.

खिडकीतून गोठ्याचं दार दिसतंय. उघडंच राहिलंय. माळ्यावरून कडबा थोडा थोडा खाली सांडतोय.

वारा नाही.